गॅस नावाचं सस्पेन्स खातं

बँकेच्या हिशेबात सस्पेन्स खातं नावाची एक मोठी सोय असते. पैसे तर आलेत, पण कुणाचे ते कळत नाही. चलनावरचा नंबर चुकलाय, सही लागत नाही, भरणारा फोन उचलत नाही. इकडे संध्याकाळचे सहा वाजून गेलेले असतात आणि दिवसाचा हिशेब तर मिटवायचाच असतो. मग "टाका सस्पेन्सला!" असं म्हणून आम्ही ती रक्कम त्या खात्यात ढकलतो. दोन्ही बाजू जुळतात, साहेब सही ठोकतात आणि मूळ प्रश्न जिथल्या तिथं ठेवून आम्ही घरी जातो.

आपल्या मराठी मध्यमवर्गानं शरीराच्या हिशेबातही असंच एक खातं उघडून ठेवलंय. त्याचं नाव गॅस. छातीत दुखलं, गॅस. पाठीत चमक आली, गॅस फिरतोय. डोकं ठणकलं, गॅस डोक्यात चढला. पोटातला वायू कुठल्या जिन्यानं डोक्यात चढतो आणि मध्ये कुठल्या मजल्यावर दम खायला थांबतो, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्सला आणि ज्या दुखण्याचा धनी सापडत नाही ते गॅसला, इतका सरळ व्यवहार आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. गेली वीस-बावीस वर्षं काउंटरपलीकडे बसून लोकांच्या सह्या ताडून पाहणारा साधा कारकून. 'तुम्ही कशाला शरीरशास्त्रावर बोलता?' असं कुणीही विचारील. खुशाल विचारावं. माझं म्हणणंच मुळी असं आहे की, शरीरावर बोलायला कारकूनसुद्धा पुरेसा आहे. शरीर त्यालाही एक मिळालेलं असतं, आणि बदली झाली म्हणून ते जुन्या शाखेत ठेवून जाता येत नाही.

गॅसच्या खालोखाल उलाढाल असलेलं खातं म्हणजे पित्त. आंबट ढेकर आला, पित्त. डोकं दुखून उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. आता खरं पित्त बघाल तर बिचारं यकृतात तयार होतं, पित्ताशयाच्या पिशवीत साठतं आणि जेवण झालं की लहान आतड्यात उतरून तुपातेलाचे बारीक बारीक थेंब करून देतं. चवीला कडू, पण जातीनं आम्ल नव्हे. घशाशी जे आंबट येतं ते जठरातलं आम्ल. डोकं दुखून उलटी होते ती बऱ्याचदा अर्धशिशी. आणि गांधी उठतात त्या कातडीत हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटल्यामुळं. म्हणजे तीन निराळ्या खातेदारांचे व्यवहार एकाच पासबुकात, आणि ज्याच्या नावचं पासबुक त्याचा यांतल्या एकाशीही फारसा संबंध नाही! आयुर्वेदातलं पित्त ही वेगळी कल्पना आहे, तिला तिची परिभाषा आणि तिचे नियम आहेत. वैद्यबुवांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ओट्याजवळ उभं राहून, चहा उतू जायच्या आत निदान करून मोकळं होणाऱ्या आपल्या घरोघरच्या पित्तशास्त्राशी.

यावर कुणी म्हणेल, "अहो, शाळेत शिकवतात की सगळं!" शिकवतात. कसं शिकवतात ते सांगतो. माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या वहीत मूत्रपिंडाची सुबक, नामनिर्देशित, रंगीत पेन्सिलींनी रंगवलेली आकृती आहे. पाच पैकी पाच गुण. एका रविवारी मी तिला सहज विचारलं, "काय गं, हे मूत्रपिंड असतं कुठं?"

"धडा पाचवा, बाबा."

"पुस्तकातलं नव्हे गं. तुझं."

तिनं क्षणभर विचार केला आणि बेंबीखाली हात ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "काय हो, पोरीला भलतंसलतं काय विचारताय सकाळी सकाळी!"

वाचकहो, मूत्रपिंडं पाठीकडं असतात. शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, कण्याच्या दोन बाजूंना. उजवं जरा खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृतानं बाडबिस्तरा पसरलेला असतो. एकेक साधारण मुठीएवढं. आणि त्यांचं काम ऐकाल तर आमच्या शाखेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी त्यांना वाकून नमस्कार करावा. दिवसभरात १८० लिटर पाणी ही जोडी रक्तातून गाळून बाजूला काढते. वीस लिटरच्या नऊ बादल्या! त्यांतलं साधारण दीड लिटर बाहेर टाकते आणि उरलेलं सगळं, साखर आणि मिठासकट मोजून मापून, रक्ताच्या खात्यात परत जमा करते. रक्तातला पातळ भाग सगळा मिळून तीनेक लिटर; म्हणजे तीच शिल्लक दिवसातून साठ वेळा मोजली जाते. आम्ही दिवसाअखेर एकदा कॅश मोजतो आणि दहा रुपये कमी आले तर अख्ख्या शाखेला थांबवून ठेवतो. हे इतकं सुंदर प्रकरण मुलांच्या हाती कसं पडतं? 'नेफ्रॉनची आकृती काढून भागांना नावे द्या.' दिली. विसरली.

नावांचीही एक गंमतच आहे. हृदयाच्या चार कप्प्यांना पुस्तकात अलिंद आणि निलय म्हणतात. वाचून वाटतं, एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेतले शेजारशेजारचे बंगले असावेत. स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तर तो श्राद्धाच्या पानातला एखादा पदार्थ वाटतो. आमच्या कॅन्टीनमध्ये बिनसाखरेच्या चहाचे कप वेगळ्या ट्रेमधून येतात, इतके आम्ही 'शुगरवाले' झालो आहोत. परंतु ज्या अवयवानं इन्सुलिन पुरवताना हात आखडता घेतला म्हणून तो ट्रे वेगळा झाला, तो जठराच्या मागं आडवा पडलेला वीतभर अवयव म्हणजेच हे स्वादुपिंड, ही ओळख किती जणांना आहे? दर तीन महिन्यांनी रक्त तपासणारे लोक आहेत हे. बँकेत आम्ही प्रत्येकाकडून केवायसी मागतो. स्वतःच्या स्वादुपिंडाची केवायसी करून घेतलेला ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

आणि मराठीला शब्द नाहीत असं थोडंच आहे? माकडहाड, पडजीभ, गुडघ्याची वाटी, पोटरी, खुबा, मणका, बरगडी, टाळू! ज्या भाषेनं माकडहाड हा शब्द काढला, तिला शरीर समजावून सांगताना अडखळायचं काही कारण नाही. पण आमची मराठी शरीराच्या बाहेरून अगदी घरच्यासारखी वावरते आणि कातडीच्या आत शिरली की लगेच सोवळं नेसते. आतल्या अवयवांची रोजच्या वापरातली नावं ऐकायची तर मटणाच्या दुकानात जावं लागतं. तिथं गुर्दा आहे, भेजा आहे, वजडी आहे. शाकाहारी माणसाची त्यामुळं फार पंचाईत होते. त्याला स्वतःच्या आत काय काय आहे हे सांगणारं कुणी उरतच नाही.

त्यातून त्या दुकानात एकदा काळीज मागून बघा. दुकानदार काय देतो? यकृत! तो बरोबर आहे. चुकतो आपण. आपल्या बोलण्यातलं काळीज धडधडतं, तुटतं, पिळवटतं, दगडाचं होतं, सुपाएवढं होतं. यकृत यांतलं काही करत नाही. दीड किलोचा तो साधाभोळा अवयव उजव्या बरगड्यांखाली निमूट बसून साखर साठवतो, विषं निकामी करतो आणि वर सांगितलेलं पित्त तयार करतो. म्हणजे मराठीतली कित्येक प्रेमपत्रं वर्षानुवर्षं चुकीच्या पत्त्यावर जात आली आहेत. पत्रांचं एक वेळ ठीक आहे. रुग्णवाहिका आली की मात्र पत्ता बरोबर लागतो.

आता विरोधी पक्षाचा हुकमी मुद्दा: "डॉक्टर कशाला आहेत मग? आपल्याला कशाला नसत्या पंचायती?" हा मुद्दा मांडणारा माणूस स्वतःच्या पासबुकातली साडेसतरा रुपयांची वजावट कशाची हे विचारायला माझ्या काउंटरवर पाऊण तास उभा असतो. तिथं तो "मॅनेजर आहेत ना, ते बघतील" असं म्हणत नाही. आणि तेच योग्य आहे, कारण खातं त्याचं आहे. डॉक्टर हा ऑडिटर आहे. तो कितीही हुशार असला तरी व्हाउचर आपणच पुढं ठेवायचं असतं. "कुठं दुखतं?" या प्रश्नाला "सगळीकडंच" आणि "कधीपासून?" या प्रश्नाला "तसं पूर्वीपासूनच" असं उत्तर देणाऱ्या माणसाचा हिशेब धन्वंतरी आला तरी जुळायचा नाही. साधं अपेंडिक्सचं दुखणं घ्या. ते पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडं खाली सरकतं. हे सरकणं डॉक्टरला सांगणार कोण? ते तर ज्याचं पोट त्यालाच माहीत.

दुसरा आक्षेप, हे सगळं फार अवघड असतं. अजिबात नसतं. शरीराविषयीचं मोठं ज्ञान माणसाला दोन साध्या सवयींनी मिळालंय: डोळ्यांनी बघणं आणि बोटांनी मोजणं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्यानं माकडं, डुकरं कापून माणसाचं शरीर सांगितलं, आणि त्यानंतर तेराशे वर्षं युरोपात प्राध्यापक उंच खुर्चीत बसून त्याचा ग्रंथ वाचत, खाली एक न्हावी प्रेत कापी, आणि ग्रंथात आहे ते प्रेतात दिसलं नाही तर चूक प्रेताची धरली जाई. (आमच्याकडंही सर्क्युलर आणि ग्राहक यांच्यात फरक पडला तर चूक ग्राहकाची धरतात.) शेवटी व्हेसेलियस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा खुर्चीतून खाली उतरला, सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि १५४३ साली त्यानं छापून सांगितलं की, माणसाचा खालचा जबडा गेलेन म्हणतात तसा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे.

आमच्या सुश्रुतांनी तर हे कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवा, मग कुंच्यानं हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी बघा, नुसत्या ग्रंथावर विसंबू नका. त्यांनी हाडं मोजली ३००, आणि वेदवादी ३६० मानतात अशी प्रामाणिक नोंदही केली. आज मोठ्या माणसाची हाडं २०६ धरतात. फरक बघून हिशेबनीस दचकेल. पण सुश्रुतांनी दात आणि कूर्चाही मोजणीत धरल्या होत्या. शीर्षकं वेगळी, म्हणून बेरीज वेगळी. ग्रंथाचा अभिमान आपण पोटभर बाळगतो. त्यात 'स्वतः बघा' असं लिहिलंय, तेवढंच सोडून.

आणि माझा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे विल्यम हार्वे. रक्त शरीरात फिरतं हे त्यानं १६२८ साली सिद्ध केलं, ते कशाच्या जोरावर? बऱ्याच अंशी साध्या बेरीज-गुणाकाराच्या! तोवरची समजूत अशी की, यकृत खाल्लेल्या अन्नाचं रक्त बनवतं आणि शरीर ते खर्चून टाकतं. हार्वे म्हणाला, हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरा, अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात, करा गुणाकार. आकडा सबंध अंगातल्या रक्ताहून मोठा आला. इतकं रक्त दर अर्ध्या तासाला नवं बनवायला माणूस जेवतो तरी किती? तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असलं पाहिजे. जमाखर्च जुळेना म्हणून लागलेला हा शोध आहे. आजचे आकडे घ्या: मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला सात हजार दोनशे लिटर, आणि अंगात रक्त सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास. हे ज्याला वाचून समजलं नाही त्यानं बी.कॉम.ची पदवी परत करावी.

अवघडपणाचं ढोंग संपलं की त्याच्यामागून खरं कारण बाहेर येतं. लाज! प्रजननाचा धडा आला की सर 'हा भाग घरी वाचून या' म्हणतात, आणि घरी तो वाचताना मूल दिसलं तर आई पुस्तक मिटते. मराठीत हे काम नेटानं कुणी अंगावर घेतलं? र. धों. कर्वे यांनी. होते गणिताचे प्राध्यापक! १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, आणि समाजानं त्यांच्या पदरात काय टाकलं तर अश्लीलतेचे खटले आणि दंड. खटले इतिहासजमा झाले. पण 'घरी वाचून या' अजून चालूच आहे.

या लाजेचं व्याज बायका भरतात. आपल्या घरांतल्या बाईचं 'पोट' बरगडीपासून गुडघ्यापर्यंत कुठंही असू शकतं. माझ्या एका आत्याची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. वर्षभर ती 'उष्णता झालीये' म्हणून सब्जाचं पाणी पीत राहिली. पाळी संपल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं ही ताबडतोब डॉक्टरकडं जायची गोष्ट आहे, गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिनं तरी कुणाला, कुठल्या शब्दांत सांगावं? तिच्याजवळ त्या अवयवाला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्दच नव्हता. आत्या गेली. घरात आजही "बिचारीला उष्णता फार होती हो" असंच म्हणतात.

उष्णता हे पित्ताच्या शेजारचं खातं.

आता पुन्हा गॅसकडं येतो. आमच्या एका हेडकॅशियरना रात्री दोन वाजता छातीत जड वाटायला लागलं. डावा हात भरून आला, जबडा दुखायला लागला, अंगाला दरदरून घाम. घरात चौघं पदवीधर. निदान एकमतानं: गॅस. ओवा झाला, सोडा झाला, पाठीला शेक झाला. सकाळी सात वाजता दूधवाला म्हणाला, "काका, हे काही बरं दिसत नाही." तेव्हा कुठं रिक्षा आली.

हृदय आणि डावा हात यांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच काउंटरवर येतात. मेंदू वरच्या मजल्यावर बसलेला; त्याला हृदयाकडून तक्रार येण्याची सवय नाही, हाताकडून आहे. तो हृदयाची नोंद हाताच्या नावावर टाकतो. आमच्या भाषेत, चुकीच्या खात्यात पोस्टिंग. शिवाय हृदय ज्या पडद्यावर टेकलेलं असतं त्याच्या लगेच खाली जठर; म्हणून कधीकधी दुखणं पोटाच्या वरच्या भागातच जाणवतं. बायकांमध्ये तर अनेकदा नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. चूक इतकी साहजिक आहे म्हणूनच ती आधीपासून माहीत असायला हवी. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. पाच तास म्हणजे काय, त्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. हेडकॅशियर वाचले. पण नोटांची बंडलं उचलणारा तो माणूस आता एका जिन्यात दोनदा बसतो, आणि कॅशचं काम त्यांनी कायमचं सोडलंय.

माझी मागणी मोठी नाही. साक्षर माणसाची व्याख्या थोडी वाढवा. ज्याला सही करता येते, पासबुक वाचता येतं आणि आपलं यकृत, मूत्रपिंड, जठर, हृदय कुठं आहे हे स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवता येतं, तो साक्षर. हृदय छातीच्या मधल्या हाडामागं, जरासं डावीकडं कललेलं, आपल्याच मुठीएवढं. बाईला बाईच्या शरीराचे शब्द, आणि पुरुषालाही तेच शब्द, न लाजता. छातीत दडपण आणि घाम एकत्र आले की ओव्याची बरणी शोधायची नाही, १०८ फिरवायचा. जपमाळेच्या मण्यांइतकाच आकडा आहे, विसरायला जागा नाही. एवढं सगळं एका रविवारच्या दुपारी शिकून होतं. एका म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक वाचायला आपण याहून जास्त वेळ घालवतो, आणि तिथं तर भांडवल बुडालं तरी पुन्हा कमावता येतं.

बँकेत सस्पेन्स खात्यातली रक्कम फार दिवस पडून राहिली की वरून विचारणा होते आणि ३१ मार्चच्या आत ती कुणाची ते शोधून काढावीच लागते. शरीराचा ३१ मार्च पंचांगात दिलेला नसतो. तेव्हा या रविवारी गॅसच्या खात्यात काय काय टाकून ठेवलंय ते एकदा काढून बघा. त्यांतला बराचसा खरोखरचा गॅसच निघेल. जो निघणार नाही, त्याच्यासाठी सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका. साहेब कुरकुरले तर त्यांनाही विचारा: "साहेब, तुमचं मूत्रपिंड कुठं असतं हो?"